गच्चीवरून तीन हाका

मी, खाली सही करणारी, निवृत्त प्राध्यापिका, विषय चिनी संस्कृती, राहणार तिसऱ्या मजल्यावर, आज माझ्या मागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. मी शुद्धीवर आहे. मला कोणी दम दिलेला नाही, गोड बोलून भुलवलेलेही नाही. माझी स्मरणशक्ती माझ्या दातांपेक्षा चांगली आहे, असे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाई सांगतात, आणि त्यांनी दोन्ही तपासलेले आहे.

मात्र शुद्धीवर असणे आणि काही वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माझ्यापाशी आहे. दुसरी माझे पती गेल्यापासून नाही. एका कुशीवर झोपून हात बधिर झाला की तो दुसऱ्याच कोणाचा वाटतो, तसे आहे. ही तक्रार नाही, नोंद आहे. आमचा वकील म्हणाला, "मॅडम, यात भावना घालू नका हो. उद्या कोर्टात वाचतात." मी म्हटले, "घातलेल्या नाहीत. नाहीत, असं लिहिलंय." त्याने मान हलवली आणि पुढचे पान उलटले.

लिहून ठेवते ते असे :

१. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या मुलीचे. ती पोहायला शिकवते. तिला या घराचा उजेड आवडत नाही, पुस्तकांनी खिडक्या अडवल्या आहेत म्हणते, आणि ते खरे आहे. तिने हवे तर विकावे. विकताना गिऱ्हाईकाला सांगावे की न्हाणीघराचे दार पावसाळ्यात फुगते आणि ते खांद्याने लावावे लागते. तिच्या वडिलांनी प्रत्येक पाहुण्याला हे सांगितले आहे, परंपरा मोडू नये.

२. बँकेत जे असेल ते तिचेच. यात सांगण्यासारखे काही नाही. आमच्या विषयात कोणी गब्बर झाल्याचे ऐकिवात नाही.

३. पुस्तके. इथे जरा थांबावे लागेल.

आतल्या भिंतीवरची सगळी पुस्तके माझ्या पतींची, आणि बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवरची माझी. ही वाटणी आधी सोयीची होती, मग तिचा सिद्धांत झाला. आम्ही दोघे एकाच विभागात चिनी संस्कृती शिकवत होतो, आणि ती कशी शिकावी यावर आयुष्यभर भांडलो. कायद्याच्या कागदात मी त्यांना 'ते' म्हणते आहे. एरवी शिकत होतो तेव्हापासून आमचे अरे-तुरेच होते.

त्यांचे म्हणणे असे, की बाहेरून आलेला अभ्यासक आपले शब्द बरोबर घेऊन येतो. धर्म, श्रद्धा, आत्मा, कला. मग तो चीनमध्ये हे सगळे शोधतो. सापडले तर म्हणतो, त्यांच्याकडेही आहे. नाही सापडले तर म्हणतो, बिचारे मागे राहिले. "आपले प्रश्न घेऊन दारात उभा राहणारा घर बघत नाही, चौकट बघतो," हे त्यांचे आवडते वाक्य. त्यांच्या मते आधी तिथल्या लोकांच्या कल्पना शिकाव्यात, त्यांचेच प्रश्न विचारावेत, मग तोंड उघडावे.

माझे म्हणणे, की स्वतःचे डोळे काढून ठेवून कोणाला बघता येत नाही. मी बाहेरची आहे हे कबूल करून बघणे जास्त प्रामाणिक. आणि जो म्हणतो की चिनी माणूस इतका वेगळा आहे की आपले प्रश्न त्याला लागूच होत नाहीत, तो त्याला मान देत नाही, माणसांतून उठवतो, काचेच्या कपाटात ठेवतो. दुःख इथेही दुःख आहे आणि तिथेही दुःखच आहे. वरचे विधी वेगळे. हा माझा सिद्धांत. त्यावर माझी दोन पुस्तके आहेत, आणि दोन्ही मिळतात, कारण ती संपलेली नाहीत.

विद्यार्थी त्यांना 'आतले सर' म्हणत आणि मला 'बाहेरच्या बाई'. या शब्दांना लोकांत आणखी काय काय अर्थ आहे हे त्या पोरांना ठाऊक नव्हते, असे मी धरून चालते.

एकदा चीनमधून एक तरुण अभ्यासक बाई आमच्याकडे व्याख्यानाला आल्या होत्या. छपरावर चढून मृताला हाक मारण्याच्या जुन्या विधीवर आम्हा दोघांचे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "माझी आजी गेली तेव्हा छपरावर कोणी चढलं नाही. आम्ही दहाव्या मजल्यावर राहत होतो." सगळे हसले. आमच्या नियतकालिकाच्या पुढच्या अंकात आम्ही दोघांनीही हेच वाक्य आपापल्या लेखात आपापल्या बाजूने वापरले. त्या बाईंना काय म्हणायचे होते ते आम्ही विचारले नाही.

पुस्तके विभागाला द्यायची होती, पण विभाग बंद होतो आहे. तेव्हा जो कोणी ही भाषा शिकत असेल त्याला मुलीने द्यावीत, एका अटीवर : दोन्ही भिंती एकत्र न्याव्यात. एकच भिंत मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

४. वरच्या कलमाला एक अपवाद. आमचे माजी विभागप्रमुख, ज्यांना आम्ही घरात 'मध्यममार्गी' म्हणत असू, यांना चिनी चित्रकलेच्या इतिहासाच्या तीन खंडांपैकी फक्त मधला खंड द्यावा. आमच्या प्रत्येक वादानंतर हे गृहस्थ उठून म्हणत, "सत्य दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं," आणि टाळ्या घेत. आमच्या भांडणाची त्यांनी जुगलबंदी केली, पत्रिका छापल्या, चहापान ठेवले. पतींच्या शोकसभेत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून माईकवर सांगितले, "आज बाहेरच्या बाई एकट्या जिंकल्या." लोकांनी चुकचुक केली. मला राग यायला हवा होता. तो कुठे असतो ते मला आठवत होते, पण तिथे गेले तर जागा रिकामी होती. हिशेब म्हणून हा मधला खंड. सत्य त्यात सापडले तर त्यांनी कळवू नये.

५. शाई उगाळायचा दगड, चार कुंचले आणि पतींचे पितळी कागदवजन मुलीला. तिला अक्षरे येत नाहीत, पण लहानपणी ती या दगडात पाणी घालून त्यात बोट पोहवत असे. दगडाला मध्ये खळगा पडला आहे, तो बराचसा त्यांच्या हाताचा आहे, थोडा माझ्या. वाटणी करता येत नाही.

त्यांचा स्वेटर दाराजवळच्या खुंटीवर आहे. तोही तिचा. मी तो तिथून काढलेला नाही.

६. अपुरे उत्तर. आमच्या नियतकालिकाचे संपादक ज्याची वाट पाहत आहेत ते. ही मालमत्ता नव्हे, असे वकिलाचे म्हणणे पडले. माझ्यापाशी याच्याइतके माझे दुसरे काही नाही, तेव्हा हे कलम राहील.

आमच्या घरात एक नियम होता. दुसऱ्याचे म्हणणे खोडायचे असेल, तर आधी ते आपल्या शब्दांत त्यालाच सांगायचे, आणि त्याने "हो, हेच," म्हटल्याशिवाय कागदाला पेन लावायचे नाही. फसवाफसवी नाही, घाई नाही. स्वयंपाक करताना, बसची वाट बघताना, आजारात, आम्ही एकमेकांचे म्हणणे एकमेकांना ऐकवत आलो. एकदा त्यांनी "हो, हेच" म्हणायला मला इतके रखडवले की अंक छापून निघाला आणि माझे उत्तर वरातीमागून घोडे झाले. बाहेरच्यांना वाटे, यांचे घरात कसे जमते. जमत असे ते यामुळेच. तुमचे म्हणणे तुमच्यापेक्षा चांगले सांगणारे माणूस घरात असले की त्याच्याशी भांडण तुटत नाही.

त्यांचा शेवटचा लेख मृतांना परत बोलावण्याच्या जुन्या चिनी विधीवर होता. विधी असा : माणूस गेला की बाकी काही करायच्या आधी एकाने त्याचा कपडा घेऊन छपरावर चढायचे, उत्तरेकडे तोंड करायचे आणि तीन हाका मारून त्याला परत बोलवायचे. मग कपडा खाली टाकायचा. खाली उभ्या असलेल्याने तो झेलायचा आणि गेलेल्याच्या अंगावर पांघरायचा. हे झाल्यावरच तो गेला असे धरायचे आणि पुढची कामे सुरू करायची.

यावर मी पूर्वीच लिहिले होते, की हाक मारणाऱ्यांना एकतर तो परत येईल असे खरेच वाटत असले पाहिजे, किंवा वाटत नसेल तर ते दुःख व्यक्त करत असले पाहिजेत. तिसरे काही असू शकत नाही. त्यांचा लेख म्हणजे माझ्या या 'तिसरे काही नाही'ला दिलेले उत्तर होते. तो त्यांनी दवाखान्यात पुरा केला. मला तो खोडायचा होता, म्हणून नियमाप्रमाणे मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांचे म्हणणे त्यांना ऐकवू लागले.

"तुझं म्हणणं असं, की लोकांना थोडी आशा असते, म्हणून ते हाक मारतात."

"नाही."

"बरं. आशा नसते, पण दुःख इतकं असतं की ते हाकेतून बाहेर पडतं."

"आधी दुःख, मग हाक. परत तुझंच गाडं. 'तुम्हाला खरंच वाटतं का', हे तू त्यांना विचारतेस. ते स्वतःला हे विचारत नाहीत. तो प्रश्न सोड."

"म्हणजे काय, काही न वाटताही मारायची?"

ते हसले आणि त्यांना ठसका लागला. पाणी दिल्यावर म्हणाले, "जवळ आलीस."

"जवळ म्हणजे? हो का नाही?"

"उद्या सांग नीट. दमलो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हते.

तिसऱ्या प्रहरी डॉक्टर आले, त्यांनी पाहिले आणि घड्याळाकडे नजर टाकून परिचारिकेला वेळ सांगितली. मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचा आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. ती ओरडली, "बाबा! बाबा, इकडे बघा!" परिचारिका म्हणाली, "ताई, हळू, शेजारी पेशंट आहेत." मुलीने माझा दंड धरला.

"आई, तू हाक मार ना. तुझी हाक ऐकतील ते."

"ते गेलेत, बाळा."

"मग मार ना!"

मी हाक मारली नाही. माझ्या आत त्या वेळी काहीही नव्हते, आणि आत नसलेले बाहेर दाखवणे म्हणजे खोटे, हे मी आयुष्यभर शिकवले आहे. समोर कागद होते. मी सह्या केल्या. अक्षर चांगले आले.

घरी आल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, "भांडायला जन्मभर आवाज होता तुला. एक हाक नाही निघाली." त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे येते, दर रविवारी भाजी आणि औषधे आणून देते, "गोळ्या संपल्या का?" विचारते आणि जाते. तिचे काही चुकत नाही. ती रडली, मी रडले नाही. मी चांगली जेवते, वेळेवर झोपते. लोक म्हणतात, खंबीर आहात. मी खंबीर नाही, मी बंद आहे. तिला वाटते मला तिचे वडील नको झाले होते. नव्हते झाले, हे मी तिला शपथेवर सांगू शकते, पण तसे सांगताना आवाजात जे असावे लागते ते आणायचे कुठून?

संपादकांची तीन स्मरणपत्रे आली. मी बसते, कागद ओढते. नियमाप्रमाणे आधी पतींचे म्हणणे सांगायचे, आणि "हो, हेच" म्हणायला समोर कोणी नाही. त्यांचे टेबल माझ्या टेबलाला पाठ लावून आहे. मी त्या टेबलाला सांगून पाहिले. मूर्खपणा आहे, कबूल.

एक गोष्ट मात्र या बसण्यात माझ्या लक्षात आली, आणि ती इथे नोंदवते, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. माझ्या सिद्धांताप्रमाणे मी त्या दिवशी बरोबर होते. आत काही नाही, म्हणून हाक नाही. शंभरपैकी शंभर. पण माझ्या त्या सिद्धांतात माझ्यासारख्या बाईला करण्यासारखे काहीच उरत नाही. तिने नुसते उभे राहायचे. त्यांच्या सिद्धांतात अशा बाईला काम होते. कपडा घ्यायचा, जिना चढायचा, तीनदा हाक मारायची. वाटते का, हे तिला कोणी विचारणार नव्हते. सगळे आतून बंद पडलेले माणूससुद्धा जिना चढू शकते. ते लोक अडाणी नव्हते आणि भाबडेही नव्हते. त्यांनी बंद पडलेली माणसे पाहिलेली होती. आम्ही एवढी वर्षे भांडलो, आणि हे मला कोणी सांगितले नाही. किंवा ते सांगत होते.

आणि मुलीने यातले एक पानही वाचलेले नाही, जेवताना आमच्या भांडणातून कानावर पडले असेल तेवढेच. तरी त्या दिवशी मी "ते गेलेत," म्हटल्यावर ती "मग मार ना" म्हणाली.

७. इथवर लिहिले आणि दाराची बेल वाजली. रविवार आहे हे विसरले होते. मुलीने भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, फ्लॉवर मोडून पाण्यात टाकला आणि टेबलावरच्या कागदांकडे पाहिले.

"काय लिहितेस? ते उत्तरच का अजून?"

"मृत्युपत्र."

"बरं." ती हात पुसत राहिली. "गोळ्या संपल्या का?"

"आहेत. एक विचारू? गच्चीवरून हाक मारलीस तर खाली अंगणात ऐकू येईल तुझी?"

"कोणाला मारायची?"

"कोणालाही."

"चार इमारती सोडून ऐकू येईल," ती म्हणाली. मग माझ्याकडे तिने नीट पाहिले. बऱ्याच दिवसांत तसे पाहिले नव्हते. "का गं?"

"असंच. विचारून ठेवलं."

ती दारापाशी गेली. चपला घालताना खुंटीवरच्या स्वेटरची बाही तिने सरळ केली. मी कागदाकडे वळले, आणि मागे दार लागले. आता पुढचे कलम लिहिते.

८. माझ्या मृत्यूनंतर करायचे ते. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी माझ्या मुलीने माझा राखी स्वेटर, उजव्या कोपराला विरलेला, घेऊन गच्चीवर जावे. गच्चीला कुलूप असते आणि किल्ली इमारतीच्या सेक्रेटरींकडे असते. मूळ विधीत पूर्वेकडून चढून वायव्येकडून उतरायचे असते. आपल्याला जिना एकच आहे, तेव्हा त्याच जिन्याने यावे. उत्तर म्हणजे पाण्याच्या टाकीची बाजू. तिकडे तोंड करून तिने मला तीन हाका माराव्यात आणि परत बोलवावे. विधीत नावाने हाक मारतात. तिने 'आई' म्हणावे, मी त्याच हाकेला ओ देत आले आहे. मग स्वेटर खाली टाकावा. दातांच्या डॉक्टरबाईंनी तो अंगणात झेलावा. त्यांचा हात थरथरत नाही. तो माझ्या अंगावर घालावा. माझा मृत्यू घरी न होता दवाखान्यात झाला, तर स्वेटर तिकडे आणावा.

हाका मारताना तिला रडू आले तर यावे. नाही आले तर नाही. तिला राग असेल तर रागाने माराव्यात. काहीच वाटत नसेल तर काहीच न वाटता माराव्यात, मोठ्याने. आई परत येईल असे तुला खरेच वाटते का, हे तिला कोणी विचारू नये, आणि तिने स्वतःला विचारू नये. माझ्यावर प्रेम होते का, हेही त्या वेळी ठरवायचे नाही. जिना चढणे एवढेच तिचे काम.

तिच्या वडिलांसाठी हे करायची वेळ माझ्या हातून गेली. मला यातून सुटका नको आहे. मात्र तिच्या पायांना चढायला एक जिना असावा, म्हणून हे कलम.

मी परत येणार नाही. तरी बोलवावे.

संपादकांना या कलमाची नक्कल पाठवावी आणि माझे उत्तर म्हणून छापावे. मी यात पतींचे काही खोडलेले नाही. नियमाप्रमाणे त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगितले आहे, आणि "हो, हेच" म्हणणारे कोणी नसल्याने ते तसेच उघडे सोडते आहे.

९. हे सर्व पार पाडण्याचे काम वकिलाकडे. आठवे कलम कायद्याने बांधील नाही, असे त्याने आत्ता फोनवर दोनदा बजावले आहे. ऐकले.

पूर्वी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे. हे मी स्वतः वाचले, स्वतः लिहिले, आणि खाली माझी सही आहे. या वेळीही अक्षर चांगले आले आहे.

स्थळ : राहते घर, माझे टेबल.
वार रविवार, दिनांक शिक्क्याप्रमाणे.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिल्या, दातांच्या डॉक्टर, तळमजला : बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. आठवे कलम मला वाचून दाखवले. झेलीन.
(सही)

साक्षीदार दुसरे, इमारतीचे सेक्रेटरी : सही माझ्यासमोर झाली. गच्चीची किल्ली यांची मुलगी आजच, आत्ता सहीसाठी वर येताना जिन्यात बसलेली भेटली तेव्हा, मागून घेऊन गेली. तिच्या हातात वडिलांचा स्वेटर होता, इथली दाराजवळची खुंटी रिकामी आहे. मी कारण विचारलेले नाही.
(सही)